उंदराचा घेवडा

९ ऑक्टोबर २००६ रोजी आमच्या संशोधन केंद्राच्या खात्यावर चार लाख सदतीस हजार दोनशे पेसो जमा झाले. प्रकल्पाचे नाव लांबलचक होते: कोरडवाहू भागाचा टिकाऊ विकास आणि घेवड्याच्या गावरान वाणांचा आनुवंशिक अभ्यास. काचेच्या बरण्या, गाडीचे पेट्रोल, एका यंत्राचा हप्ता असे सगळे बसवून झाल्यावर अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीत "बी निवडणारी बाई, एक, रोजंदारीवर" एवढी जागा उरली. त्या ओळीतून एन्कार्नासियोन बान्युएलोस आमच्याकडे आली. हे पूर्ण नाव फक्त मी लिहीत असे, पगाराच्या पावतीवर. बाकी सगळ्यांची ती दोन्या चोना, म्हणजे चोनाबाई.

तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. बुटकी, अंगाने भरलेली, केसांची घट्ट वेणी, आणि एप्रन असा इस्त्रीचा की तिच्याशेजारी आमच्या इंजिनिअर मंडळींचे कपडे अंथरुणातून उठल्यासारखे वाटत. नवरा सरहद्दीपलीकडे उत्तरेला कामाला गेलेला. सुरुवातीला तो दर महिन्याला फोन करी, मग नाताळला, मग तोही बंद झाला. कोणी विचारले तर चोना म्हणे, "जिवंत आहे. मेला असता तर त्याच्या आईनं कळवलं असतं. मयताचा खर्च मागायला."

आमच्याकडे येण्याआधी तिची वीस-बावीस वर्षे व्यापाऱ्यांच्या गोदामात गेली होती. झाकातेकास राज्याच्या या भागात घेवडा हेच पीक, आणि गोदामात लांब टेबलांना बसून घेवडा निवडणे हेच बायकांचे काम. व्यापारी एका रंगाचे पैसे देतो. गुलाबी मालात मूठभर काळे दाणे दिसले की भाव पडला. चोना डाव्या हाताने दाणे पसरी आणि उजव्या हाताच्या करंगळीने नको तो दाणा अलगद बाहेर ढकली. डोळे समोरच्या बाईकडे, गप्पा चालूच. तिने निवडलेल्या पोत्यावर तिच्या नावाचा खडूचा फुली-गोल असे, आणि ते पोते तपासायला कोणी उघडत नसे.

ही सवय घरातूनच आलेली. तिचे माहेर डोंगरावरच्या सावसेदा गावचे. बान्युएलोसांची जमीन थोडी आणि दगडच जास्त, पण त्यांचा माल स्वच्छ, असा तीन गावांत लौकिक. बाप बाजारात आला की व्यापारी त्याच्या पोत्यात हात घालत नसे, तोंड बांधलेलेच वजनाला लावी. चोना हे सांगे तेव्हा दुसऱ्या एखाद्या बाईने घराण्यातल्या पाद्र्याविषयी किंवा जनरलविषयी बोलावे तसे बोले.

आता अशा बाईला आमच्या बियाण्याच्या खोलीत काय काम दिले होते ते पाहा. प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर नोएमी आर्तेआगा. उंच, घाईघाईने बोलणाऱ्या, जेवण उभ्यानेच उरकणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी एक पोते टेबलावर ओतले आणि सांगितले, "दोन्या चोना, इथं फक्त खडे, माती आणि सडका दाणा काढायचा. रंगाला हात लावायचा नाही. गावातून जसं आलं तसंच राहू दे."

"हे काळेसुद्धा?"

"काळेसुद्धा."

"आणि हा लाल? पिवळ्यात घुसलेला?"

"तोही. त्याच्यासाठीच तर आपण एवढ्या लांब जातो. एका शेतात जितक्या वेगळ्या जाती, तितकं आपल्या कामाचं."

चोनाने तो लाल दाणा परत पिवळ्यांत ढकलला. "म्हणजे डॉक्टर, केस न विंचरता चर्चमध्ये मिस्साला जायचं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या, "आणि पुढच्या बाकावर बसायचं."

चोनाने नियम पाळला. पहिल्या काही दिवसांत तिची करंगळी आपोआप पुढे जाई आणि ती तिला मागे ओढी, हे मी खिडकीतून पाहिले आहे. पण पाळला. नोव्हेंबरभर गावोगावची पोती आली, रंगीबेरंगी, विस्कटलेली, आणि तिने ती तशीच कापडी पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या. फक्त दुसऱ्याच्या घरचा पसारा झाकून ठेवावा तशी पिशवीचे तोंड लगेच बांधून टाकी.

डिसेंबरमध्ये सावसेदाचे पोते आले. डॉक्टर नोएमी स्वतः वर जाऊन चोनाच्या भावाकडून, एपिफानियोकडून, घेऊन आल्या होत्या. खळ्यावरून थेट, न पाखडता. कोठार सांभाळणाऱ्या गोयोने दोरी सोडली आणि ओरडला, "चला, टोप्या काढा सगळ्यांनी! बान्युएलोसांचा माल आलाय!"

मग त्याने ओंजळ भरून वर काढली. गुलाबी ठिपक्यांच्या मोठ्या दाण्यांत बारीक, करडे, मसुरीएवढे दाणे होते. एक-दोन नव्हे, बरेच.

आमच्याकडे याला उंदराचा घेवडा म्हणतात. शेताच्या दगडी गडग्यावर त्याचा रानटी वेल आपोआप चढतो, शेंगा स्वतःच तडकतात, आणि दाणे उंदरांशिवाय कोणी उचलत नाही. फुलांच्या दिवसांत शेतातल्या घेवड्याशी त्याचा संकर होतो आणि मग मालात हे करडे दाणे दिसू लागतात. ज्याच्या मालात ते दिसले, त्याने गडगा साफ केला नाही, तो आळशी, असा सरळ अर्थ. व्यापारी तसे पोते पाहून तोंडावर हसतो.

गोयोही हसला. "दोन्या चोना, तुमच्याकडे पंगतीला उंदीरपण बसतात वाटतं?"

"भावाचा गुडघा धरलाय," चोना म्हणाली. "माणसाचा गुडघा धरला की पहिलं उंदरांना कळतं." सगळे हसले, तीही हसली. तिचे कान मात्र वेणीखाली लालभडक झाले होते.

डॉक्टर नोएमींची एक पद्धत होती. प्रत्येक पोत्यातली एक ओंजळ त्या आधीच काढत, काचेच्या बरणीत भरत आणि बरणीत जिवंत भुंगे सोडत. साठवलेल्या घेवड्याला जो भुंगा लागतो, तोच. त्यातून कोणता दाणा टिकतो ते पाहायचे. सावसेदाची ओंजळ बरणीत गेली, डॉक्टर दुसऱ्या कामाला गेल्या, आणि चोना पोत्यापुढे एकटी राहिली.

त्या दुपारी तिने ते पोते निवडले. गोदामातल्यासारखे, एकूण एक दाणा. संध्याकाळी पिशवी बांधली तेव्हा आत व्यापाऱ्याच्या काचेत ठेवण्यासारखा गुलाबी माल होता. करडे दाणे एप्रनच्या खिशात होते. फेकणे काही तिच्या हातून होणारे नव्हते. रविवारी तिने ते शिजत टाकले. पुढे तिने मला हे सांगितले ते असे: "तीन तास उकळले, कोन्ता, तरी दाताखाली कचकच. वर मिरची घातली, चीज किसलं. घेवडा म्हणून नाही, भावाची लाज म्हणून गिळलं."

हिशेबनिसाला आमच्याकडे लाडाने कोन्ता म्हणतात.

जेवण झाल्यावर तिने सावसेदाच्या दुकानात फोन लावला. तेव्हा गावात तेवढाच एक फोन होता आणि रविवारी दुपारी दुकान भरलेले असे. एपिफानियोला बोलावून आणले.

"पिफानो, काय पाठवलंस ते? सगळ्या इंजिनिअरांसमोर माझी मान खाली गेली!"

"अगं, त्या डॉक्टरबाईंनीच पोत्यात हात घातला. मला निवडू कुठं दिलं?"

"बाप असता तर त्यानं पोतं जाळलं असतं. गडगा साफ कर. पैसे मी पाठवते. आपल्या शेतात पुन्हा एक वेल दिसता कामा नये."

तिने खरोखर दोन महिन्यांची बचत पाठवली.

मे महिन्यात डॉक्टर नोएमींनी बरण्या उघडल्या. सगळ्यांत भुंग्यांनी पीठ केले होते. सावसेदाच्या बरणीतही पीठच, पण त्या पिठात तीन करडे दाणे जसेच्या तसे. भोक नाही, ओरखडा नाही. डॉक्टरांनी एवढ्या मोठ्याने हाक मारली की मला वाटले कोणाला तरी विजेचा धक्का बसला.

त्यांनी मला समजावून सांगितले. भुंग्याची अळी दाण्यात शिरते आणि आत उपाशीच मरते. या दाण्यातले सत्त्व तिला पचत नाही. माणसाला मात्र शिजवल्यावर काही होत नाही. हा गुण बहुधा एकाच जनुकावर असावा, म्हणजे संकर करून मोठ्या, खाण्याच्या दाण्यात आणता येईल. "मग पोत्यात विषाच्या गोळ्या ठेवायला नकोत, कोन्ता. डोंगरावर लोक त्याच खोलीत पोती ठेवतात आणि त्याच खोलीत झोपतात. दरवर्षी कुणी ना कुणी दवाखान्यात."

तीनपैकी दोन दाणे त्यांनी त्याच दिवशी तपासणीसाठी दळले. तिसरा कुंडीत लावला. घाई झाली खरी, पण खाली सावसेदाची पूर्ण पिशवी होती, मग कंजुषी कशाला करायची? कुंडीतला दाणा कुजला. डॉक्टर पिशवी उघडायला खाली आल्या.

त्यांनी आत हात घातला. मग कोपरापर्यंत घातला. मग पिशवी टेबलावर ओतली.

"दोन्या चोना, यात करडे दाणे होते ना?"

चोना समोर उभी होती. "नाही डॉक्टर."

"बारीक, मसुरीसारखे."

"असतील दोन-तीन. ते तुमच्या ओंजळीत गेले असतील."

डॉक्टरांनी सावसेदाला फोन केला. एपिफानियो दुकानात आला, पाच लोकांच्या देखत उभा राहिला आणि म्हणाला, "बान्युएलोसांच्या शेतात असलं काही उगवत नाही, डॉक्टर. कुणी सांगितलं तुम्हाला?"

गोयोला विचारता आले असते, ओंजळ त्यानेच भरली होती; आम्ही बाकीचे नुसते त्याच्या थट्टेला हसलो होतो, दाणे कोणी नीट पाहिले नव्हते. पण गोयो त्या महिन्यात बायकोच्या बाळंतपणासाठी सासुरवाडीला होता, आणि डॉक्टरांनी तोपर्यंत स्वतःवरच संशय घ्यायला सुरुवात केली होती. बरणीत दुसऱ्याच गावचे दाणे पडले असतील. चिठ्ठी बदलली असेल. बरणी आपण नीट धुतलीच नसेल. निकालाची बातमी मात्र त्यांनी पहिल्या आनंदात वर कळवून टाकली होती, आणि जूनमध्ये राजधानीतून तपासणी समिती आली.

समिती आमच्या बैठकीच्या खोलीत बसली. ती खोली बियाण्याच्या खोलीला लागूनच, मधले दार उकाड्यामुळे उघडे. मी खर्चाचे कागद घेऊन बसलो होतो. पलीकडे चोना टेबलाशी काम करत होती, आणि दोन्ही खोल्यांत एकमेकींचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

अध्यक्ष गृहस्थ मृदू बोलणारे होते. अशांचे बोलणे जास्त लागते. "डॉक्टर, भुंगा न लागणारा घेवडा म्हणजे आम्हा सगळ्यांनाच आनंद आहे. फक्त तो घेवडा कुठे आहे?"

"आता नाही."

"पिशवीत नाही, शेतात नाही, शेतकरी म्हणतो कधीच नव्हता. बरण्या धुण्याचं काम तुमच्याकडे कोण करतं?"

दोघे-तिघे हसले. डॉक्टर नोएमी हसल्या नाहीत. त्यांनी पुढ्यातला कागद उलटा ठेवला. "माझीच चूक धरा. तो निकाल मी मागे घेते. पुढच्या वर्षीच्या पैशांचं तुम्हाला जे योग्य वाटेल ते."

पलीकडच्या खोलीतला दाण्यांचा आवाज थांबला. चोना दारात आली. हात एप्रनला पुसत होती, खरे तर पुसण्यासारखे काही नव्हते.

"माफ करा," ती म्हणाली. "ते दाणे होते. सावसेदाच्या पोत्यातच होते. मी निवडून काढले."

"का?" डॉक्टरांनी विचारले.

"वाईट दिसत होते."

अध्यक्ष पुढे झुकले. "मग कुठे आहेत ते, बाई?"

"खाल्ले."

अध्यक्षांनी हातातले पेन खाली ठेवले. मग अध्यक्षांनी विचारले, "चव कशी होती?"

"वाईट," चोना म्हणाली.

एवढे हसू त्या खोलीत मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत ऐकलेले नाही. एकाने चष्मा काढून डोळे पुसले. चोना दारातच उभी होती, कारण कोणी तिला जा म्हटले नव्हते. डॉक्टर नोएमी तिच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग होता असे मला म्हणता येणार नाही. राग असता तर चोनाला बरे वाटले असते.

समितीने निकाल रद्द केला नाही, मान्यही केला नाही. पावसाळ्याअखेर दाणे दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद, असे ठरले.

संध्याकाळी चोना माझ्या टेबलाशी आली. एप्रनची घडी करून आणली होती. "कोन्ता, माझा हिशेब करून टाका."

"ते मी ठरवत नाही, दोन्या चोना."

मागून डॉक्टर आल्या. "उद्या सकाळी गाडी सावसेदाला जाणार आहे. तुम्ही यायचं."

"मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"ह्याच तोंडानं," डॉक्टर म्हणाल्या आणि गेल्या.

गोयो अजून परतला नव्हता, म्हणून गाडी मी चालवली. पहिला पाऊस होऊन गेला होता, आठ-दहा दिवसांत पेरण्या सुरू होणार होत्या.

एपिफानियो बहिणीला पाहून लंगडतच पुढे आला. आनंदात होता. आम्हाला पाणीही न विचारता त्याने शेताकडे नेले. "आधी हे बघ! बापानंसुद्धा असा गडगा पाहिला नसता."

जुना दगडी गडगा शेताच्या चारी बाजूंनी सिमेंटने लिंपला होता. एक फट नाही. कडेची जमीन जाळून काळी केलेली, वर चुना मारलेला. डॉक्टर नोएमींनी त्या भिंतीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"पिफानो," चोना म्हणाली, "एखादा वेल कुठं राहिला असेल?"

"एक दाखव, कान कापून देतो."

"घरात? जुन्या पोत्यात?"

"अगं, सगळं निवडून कोंबड्यांना घातलं. असं काय बघतेस? तूच म्हणालीस ना!"

मग चोनाने त्याला सांगितले. दाणे कशासाठी हवे होते, डॉक्टरांचे काय झाले, तिने स्वतः काय केले, सगळे. एपिफानियोचा चेहरा आधी उतरला. तो डॉक्टरांकडे वळला, टोपी काढली, "फोनवर मी..." एवढेच बोलला. आणि मग, बोलायला दुसरे कोणी नसल्यासारखा, बहिणीवर उखडला.

"भर दुकानात मला झापलंस! सगळं गाव उभं होतं. त्या दिवसापासून या भिंतीवर माझा गुडघा मोडून घेतला मी. आणि आता सांगतेस ते हवे होते?"

तो घरात गेला आणि दार लावून घेतले. चोनाने दोनदा हाक मारली. आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला.

सावसेदात करडे दाणे आणखी एकाच घरात असण्याची शक्यता होती, आणि ते घर कोणते हे चोनाला पुरते ठाऊक होते. शेजारचे शेत म्हातारी विधवा तोमासा किन्योनेस हिचे. तिचा गडगा वेलींनी झाकलेला असे आणि तिचे पोते व्यापारी खिदळत उघडत. चोनाच्या बापाने बाजारात चारचौघांत तिला उंदरांची तोमासा म्हटले होते. नाव चिकटले. म्हातारीची नातवंडेही गावात त्या नावाने ओळखली जात.

तोमासा दारात बसून कणसाचे दाणे काढत होती. "ही बान्युएलोसांची पोरगी. बापाच्या मयताला दिसली होतीस."

डॉक्टर पुढे झाल्या. "दोन्या तोमासा, आम्हाला तुमचा घेवडा विकत हवाय. थोडाच. म्हणाल ती किंमत."

"खायचा असेल तर बाजारात जा. पेरायचं बी विकायला मी काय दुकान मांडलंय?"

सावसेदात पेरणीचे बी पैशाने मिळत नाही. उसने मिळते. एक माप न्यायचे आणि सुगीला आपल्या शेतात पिकलेले दीड माप परत करायचे. आणि ज्याच्या घरातले बी संपले, त्याने स्वतःच्या तोंडाने मागायचे, संपले कसे ते सांगून.

म्हातारीने मान वळवली. "कुणाला हवंय? हिला की तुला?"

"मला," चोना म्हणाली.

"का? बान्युएलोसांच्या घरात बी संपलं?"

"संपलं."

"कसं?"

"मी निवडून खाल्लं. उरलेलं भावानं कोंबड्यांना घातलं. माझ्याच सांगण्यावरून."

"कुठलं बी म्हणतेस तू? गुलाबी तर तुझ्या भावाकडं पोतंभर असेल."

चोनाने जमिनीकडे पाहिले. "करडं. उंदराचा घेवडा."

"तोच ना, ज्याच्यावरून तुझ्या बापानं मला नाव ठेवलं होतं? काय बरं ते नाव? वय झालं, आठवत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी गाडीच्या किल्लीकडे पाहत राहिलो. चोनाला त्यातून सोडवणारे तिथे कोणी नव्हते.

"उंदरांची तोमासा," ती म्हणाली.

"मोठ्यानं. त्या रविवारी मी दुकानात मीठ घ्यायला उभी होते. फोनमधून तुझा आवाज दुकानाच्या दारापर्यंत येत होता."

चोनाने ते पुन्हा, मोठ्याने म्हटले.

म्हातारी उठली, आत गेली, आणि लाकडी माप घेऊन आली. शीग लावून भरलेले. गुलाबी, काळे, पिवळे, आणि सगळ्यांत मिळून करडे. चोनाने एप्रन पसरला आणि म्हातारीने माप त्यात ओतले.

डॉक्टरांना राहवले नाही. "बाई, तुम्ही हे दाणे इतकी वर्षं मुद्दाम ठेवलेत का? यांना भुंगा लागत नाही म्हणून?"

"भुंगा?" तोमासा म्हणाली. "निवडायला डोळे कुठं आहेत माझे?"

परत येताना चोना एप्रनचे टोक दोन्ही मुठींत धरून बसली होती. खड्ड्यांतून गाडी आपटली तरी तिने हात सोडला नाही.

त्या दाण्यांना भुंगा लागला नाही. ऑक्टोबरमध्ये समितीने पाहिले आणि पैसे चालू राहिले. पुढचे काम डॉक्टर नोएमींचे, आणि ते सावकाशीचे. पहिल्या संकराचे दाणे बारीक आणि करडेच आले, कोणी खाल्ले नसते. आठ-नऊ पिढ्या गेल्या तेव्हा कुठे एक दाणा बऱ्यापैकी मोठा आणि गुलाबी निघाला, भुंगा न लागणारा. आता तो चार गावांत चाचणीला आहे.

प्रकल्पाच्या अहवालात शेवटी आभाराच्या यादीत चोनाचे नाव आहे. ती माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "कोन्ता, ती ओळ खोडा." मी खोडू शकत नव्हतो. पाहुणे आले की डॉक्टर तिला पुढे बोलावतात, "ह्यांच्यामुळे आम्हाला ते बी मिळालं," असे सांगतात आणि तिथेच थांबतात. चांगुलपणाने थांबतात. पाहुणे चोनाचा हात हातात घेतात, फोटो काढतात. प्रत्येक फोटोत ती खाली बघते आहे. एकदा पाहुणे गेल्यावर मी तिला डॉक्टरांशी बोलताना ऐकले. "डॉक्टर, सांगायचं तर पूर्ण सांगा. नाहीतर सांगूच नका. असं अर्धं सांगितलं की मला पुन्हा खोटं बोलल्यासारखं होतं."

"लोक हसतील हो, दोन्या चोना."

"हसू देत. तेवढं ऐकायची सवय आहे मला."

डॉक्टरांनी अजून पूर्ण सांगितलेले नाही.

एपिफानियो बहिणीशी बोलत नाही. गावच्या जत्रेला ती जाते, चर्चमधून तो दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. पहिल्या सुगीला चोना आमच्या कोठारातून, डॉक्टरांच्या लेखी परवानगीने, दीड माप दाणे घेऊन तोमासाकडे गेली होती. म्हातारीने पिशवी उघडून पाहिली आणि परत बांधली. "हे सरकारी. मी बान्युएलोसांना दिलं होतं. बान्युएलोसांच्या शेतातलं आण."

चोनाला स्वतःची जमीन नाही. भावाकडे तिने शेताचा एक कोपरा मागितला, दोन ओळींपुरता. त्याने निरोप पाठवला की त्याच्या सिमेंटच्या भिंतीआत उंदराचा घेवडा पेरला जाणार नाही. त्यानंतर तिने दर पेरणीच्या आधी विचारले आहे. उत्तर तेच आहे. तोमासा आता नव्वदीला आली, दारातच बसलेली असते, आणि चोना समोरून गेली की काही बोलत नाही.

मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो आहे. चोना अजून कामावर आहे. दोन्या तोमासा किन्योनेस यांना दीड माप घेवडा तिच्याकडून देणे बाकी आहे.